अखेरची फेरी

वैशाख सरतां सरतां देवबागेस, कर्ली नदी समुद्रास मिळते तेथें, एखादें कुटुंब शिडाच्या लहान होडींतून हौसेची अखेरची फेरी मारतें. मग होडी वर ओढून झांपांनीं शाकारली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते ती यांत्रिक नौकांना. शिडाच्या होडीस ती लागू नाहीं. मग वारा अनुकूल असतां, मुलें आणखी एक फेरी मागत असतां, बापानें सुकाणू कां वळवावें? यास कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु भित्रा मुळीं होडी लोटीतच नाहीं. कायद्याच्या धाकानें थांबणें हें आज्ञापालन होय. धाक नसतां समुद्राचा स्वभाव जाणून थांबणें, यासच आम्ही संयम म्हणतों. मुलें त्या दिवशीं हिरमुसतात खरीं; पण नारळी पौर्णिमेची वाट पाहण्यासहि तीं तेथेंच शिकतात.