आमचा नंबर कितवा?

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप-लोणी बारा टक्क्यांवरून पाचवर आलं, पाकीटबंद पनीरवरचा कर पूर्ण उठला, अडीच हजारांपर्यंतच्या चपलाही पाच टक्क्यांत आल्या. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरचा. म्हणजे बिल छापणाऱ्या देशातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला एकोणीस दिवस मिळाले. दुसऱ्यांनी कधीकाळी लिहिलेली सॉफ्टवेअरं एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर सांभाळणारी जी छोटी छोटी ऑफिसं कोल्हापुरात आहेत, तिथले फोन त्या एकोणीस दिवसांत खाली ठेवता येत नव्हते. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणत होतं, आधी आमचं. आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं.

अशाच एका ऑफिसात मी बरीच वर्षं काढली आहेत. आम्ही सातजण आणि सॉफ्टवेअरं अकरा. पुण्याहून परत आलेल्या एका सहकाऱ्यानं स्क्रम नावाची कामाची पद्धत आणली. भिंतीवर बोर्ड लागला, रंगीत चिठ्ठ्या लागल्या, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं बोलणं सुरू झालं. पहिल्या सोमवारी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची, म्हणजे एका आवर्तनाची कामं ठरवली. बुधवारी एका गावातल्या दूध संस्थेचं बिल अडलं, गुरुवारी एका फाउंड्रीच्या स्टॉकचा आकडा जुळेना. शुक्रवारी बोर्डवरच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या आणि आम्ही सगळे दमलेले होतो. तिसऱ्या स्प्रिंटनंतर बोर्डकडं कुणी बघेनासं झालं.

दोष स्क्रमचा नव्हता. जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये ही पद्धत जगापुढं मांडली ती नवं काही घडवणाऱ्यांसाठी. एक उत्पादन, एका वेळी एक उद्दिष्ट, दहा किंवा त्याहून कमी माणसं, जास्तीत जास्त महिनाभराचं आवर्तन. या आवर्तनात आपलं लक्ष कुणी मोडणार नाही, हे तिचं गृहीत आहे. देखभालीच्या कामात पहिल्याच दिवशी नसतं ते नेमकं हेच.

शिवाय आमचा काळ आमच्या हातात नसतो. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. कारखान्याला ऊस घातला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर द्यायचा, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३-बी भरायचं असतं. गाळप हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर रात्री दोन वाजताही बंद पडून चालत नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग असते आणि तोडलेला ऊस वाळत असतो. आमचा स्प्रिंट चौदा दिवसांचा होता खरा, पण यांपैकी कुणाच्याही चौदा दिवसांशी तो जुळत नव्हता. मग आम्ही पहिला बदल केला तो कॅलेंडरात. अकराही गिऱ्हाइकांच्या तारखा एकाच कागदावर मांडल्या आणि ठरवलं, बिलाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी त्या सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. एवढ्यानंच निम्मी धावपळ थांबली, असं मला अजूनही वाटतं.

दुसरी गोष्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकायला मिळाली. तिथल्या कुठल्याही जॉबवर्कच्या शेडमध्ये जा. लेथवर एक जॉब पकडलेला असतो, डायल लावून तो ट्रू केलेला असतो, टूल बसवलेलं असतं. तेवढ्यात कुणीतरी पंपाचा शाफ्ट घेऊन येतो, एकच कट मारायचाय म्हणतो. कारागीर चटकन हो म्हणत नाही. कट पाच मिनिटांचा असतो, पण सेटिंग मोडून पुन्हा लावायला तासभर जातो, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. आमच्या कामातलं सेटिंग डोळ्यांना दिसत नाही. साखर कारखान्याच्या हिशेबात बुडालेल्या माणसाला उठवून दुधाच्या फॅटचं गणित बघायला लावलं, की त्याच्या डोक्यातलं सेटिंग मोडतं. ते पुन्हा लागेपर्यंत दुपार होते आणि चुकाही याच फटीतून शिरतात. आपण मात्र त्याला विचारतो, पाच मिनिटांच्या कामाला दिवस कसा लागला?

यावर कारखान्यांत उत्तर सापडलेलं आहे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांच्या आत आणलं. मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबची जेवढी म्हणून तयारी करता येईल तेवढी करून ठेवायची, हे त्यांचं मुख्य सूत्र. आम्हीही तेच केलं. प्रत्येक सॉफ्टवेअरची एक वही केली: सर्व्हर कुठला, बॅकअप कुठं, बिलाचं गणित कुठल्या फाइलीत, मागच्या वेळी काय मोडलं होतं. दर आठवड्याला दोघांची दुरुस्तीची पाळी लावली. फोन त्यांनीच घ्यायचे, बाकी पाचजणांना हलवायचं नाही. स्प्रिंटमध्ये पाचांच्या ताकदीचंच काम धरायचं. सकाळची पंधरा मिनिटं ठेवली, आठवड्याच्या शेवटी काय चुकलं हे बोलायला बसणंही ठेवलं. कॉरी लाडास यांनी अशा मिश्र पद्धतीला स्क्रमबान हे नाव दिलंय, हे आम्हाला नंतर कळलं.

एवढं करूनही मुळातलं दुखणं उरलं होतं. ते आमच्या जिभेवर होतं: करतो की!

आपल्याकडं समोरच्याला नाही म्हणणं हा त्याचा अपमान वाटतो. चेअरमनचा फोन आला, करतो की. जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याचा आला, करतो की. हा शब्द मायेतून येतो आणि ती माया मला प्रिय आहे. पण सात माणसं अकरा ठिकाणी एकाच दिवशी करतो की म्हणतात, तेव्हा कितीतरी जणांशी ती खोटं बोललेली असतात. मग रात्री जागून कुणीतरी तरुण मुलगा ते खोटं खरं करायला बघतो. थोड्या वर्षांनी तो पुण्याला निघून जातो. पगारासाठी गेला असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नसतं.

यावरचा उपाय हैदराबादेतल्या एका टीमला वीस वर्षांपूर्वी सापडला होता. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापराची सॉफ्टवेअरं ही टीम सांभाळायची. २००४ मध्ये तिथं काम मागितल्यापासून हातात पडेपर्यंत सुमारे पाच महिने जात. व्यवस्थापक ड्रागोश दुमित्रिउ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड अँडरसन यांच्या लक्षात आलं, की टीमचा मोठा वेळ किती दिवस लागतील याचे अंदाज काढण्यातच जातोय आणि अंदाज दिलेली कितीतरी कामं पुढं होतच नाहीत. त्यांनी अंदाज बंद केले. एका वेळी किती कामं हातात घ्यायची, यावर मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की पुढचं काम कुठलं, हे काम मागणाऱ्या खात्यांनीच मिळून ठरवायचं असं केलं. पाच महिन्यांचा काळ दोन आठवड्यांवर आला.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. अकरा याद्या असतात तोवर प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या यादीत पहिलं असतं. यादी एकच केली की कुणीतरी सातवा होतो, आणि त्याला तसं सांगावं लागतं. आम्हीही यादी एकच केली आणि ते सांगायचं काम एकीनं अंगावर घेतलं. पहिले काही महिने तिनं शिव्या खाल्ल्या. पण नदीकाठच्या गावांत पाण्याची पाळी लागलेली असते, तेव्हा रात्री एकचा नंबर असलेला शेतकरीही कुरकुरत का होईना झोपतो, कारण एकला पाणी येणार हे त्याला माहीत असतं. भांडण होतं ते पाळी कळत नाही तेव्हा. आमच्याही गिऱ्हाइकांना ‘गुरुवारी सकाळी’ असं उत्तर मिळू लागलं आणि गुरुवारी सकाळी काम होऊ लागलं, तसे फोन कमी झाले. जीएसटीच्या त्या एकोणीस दिवसांतही आधी कुणाचं हे ठरवायला ती यादीच कामी आली.

संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलंय, की वापरातलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहावं लागतं, नाहीतर ते निकामी होत जातं. म्हणजे ही रांग कधी संपणार नाही. म्हणून संस्थांच्या चेअरमनना, कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांना, दुकानदारांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पुढचा फोन कराल, तेव्हा झालं का, असं विचारू नका. आमचा नंबर कितवा आणि आमच्या आधी कोण, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर यादी दाखवा म्हणा.