सोपी भाषा, पण कोणाला?

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर चढण्याआधी पूर्वी दोघांच्या हातांखालून जायची. एक जण चौकटीच्या कागदावर फुलं-वेली काढायचा. दुसरा त्या चौकटी ओळीनं वाचत पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा, आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जायचा. या पुठ्ठ्यांना जगातलं पहिलं प्रोग्रॅमिंग म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. भोकांची भाषा मागाला सोपी होती, माणसाला नव्हे. म्हणून तर मधे तो पुठ्ठेवाला लागायचा.

संगणकालाही माणसाचं म्हणणं यंत्राच्या भाषेत उतरवणारा असाच पुठ्ठेवाला लागायचा. त्याची गरज 1957 मध्ये बरीच कमी झाली. आयबीएममधल्या जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा आणली. शास्त्रज्ञानं सूत्र जवळपास सूत्रासारखंच लिहायचं, यंत्राच्या भाषेत नेण्याचं काम यंत्रानंच करायचं. काम सोपं झालं खरं, पण ज्याला सूत्रं आधीच येत होती त्याचं.

1964 मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी वेगळा प्रश्न धरला: इतिहास-साहित्य शिकणाऱ्या मुलांना संगणक का येऊ नये? त्यांची बेसिक ही भाषा मोजक्या शब्दांची आणि तशी ओबडधोबडच होती. पण एकाच संगणकाला अनेक टेलिटाइप जोडलेले असल्यामुळे चूक जागच्या जागी कळायची. एरवी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट बघत बसावं लागे. बेसिकची खरी कमाई मी या तत्काळ उत्तरात मानतो. पुढे लोगो या भाषेत सेमूर पॅपर्ट यांनी मुलांच्या हाती कासव दिलं. मुलानं 'पुढे जा, वळ' म्हणायचं आणि रेघ उमटताना बघायची. भूमिती अशी अंगात मुरते.

हे कासव मुंबईच्या आयआयटीतही आलं. प्रा. अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस ही भाषा शिकवण्यासाठी 'सिम्पलसीपीपी' हे साधन केलं. सी प्लस प्लसमध्ये पहिल्याच तासाला 'इन्क्लूड', 'नेमस्पेस', 'इंट मेन' असे मंत्र अर्थ न कळता म्हणावे लागतात. रानडे यांनी त्यांतले बरेचसे पडद्याआड ठेवले आणि 'रिपीट' ही साधी आज्ञा दिली. 'दहा पावलं पुढे, दहा अंश डावीकडे' हे छत्तीस वेळा करायला सांगितलं की कासव वर्तुळासारखी आकृती काढतं. वर्तुळ म्हणजे बारीक बारीक सरळ रेघा, ही कलनाची पहिली पायरी मूल सूत्राशिवाय चढतं. आणि खाली भाषा खरीच असते. तयारी झाली की पडदा बाजूला करायचा. शिकलेलं काही टाकावं लागत नाही. खेळण्यातली भाषा शिकवून नंतर दुसरी शिकवण्यापेक्षा मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

पायथनचा उगमही 'एबीसी' या शिकवण्याच्या भाषेशी जोडलेला आहे, आणि आज प्रयोगशाळांत पायथन सर्रास चालते. म्हणजे सोपी भाषा विज्ञानाला पुरत नाही, ही तक्रार आता टिकत नाही.

तरीही आपल्याकडे मुलं परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहितात. कागद उलट उत्तर देत नाही. सोलापुरातल्याच काय, राज्यातल्या सगळ्याच महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाची ही परीक्षा कागदावर घेणं बंद करावं आणि मुलांना संगणकासमोर बसवून ती घ्यावी.