ज्वारी गावची, कापडही गावचंच

2023 च्या हिवाळ्यात स्वीडनमध्ये नव्या टेस्ला गाड्या तयार उभ्या होत्या आणि त्यांना नंबर प्लेट मिळत नव्हती. तिथे प्लेटा टपालाने जातात आणि टपाल कामगारांनी टेस्लाची पाकिटं हातात घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं. संप त्यांचा नव्हता. तो होता टेस्लाच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांचा. 27 ऑक्टोबरला 'आयएफ मेटल' या युनियनने तो पुकारला. मागणी एकच होती, कंपनीने सामूहिक करारावर सही करावी. मग गोदी कामगारांनी जहाजातून टेस्ला उतरवायला नकार दिला, इलेक्ट्रिशियननी चार्जिंग स्टेशनांची दुरुस्ती थांबवली, सफाई कामगारांनी वर्कशॉपांची झाडलोट सोडली. थोड्याच दिवसांत डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या वाहतूक आणि गोदी कामगारांनीही पाठिंबा दिला.

स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. दर 10 कामगारांपैकी जवळपास 9 जणांचं वेतन आणि कामाचे तास सामूहिक कराराने ठरतात. एका बड्या कंपनीला करार टाळता आला तर उद्या दुसरी टाळेल, हे तिथल्या टपालवाल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय दुसऱ्याच्या संपाला पाठिंबा म्हणून आपलं काम थांबवण्याचा हक्क तिथला कायदा मानतो. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या राजवटीत हाच हक्क टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला आणि 1990 च्या कायद्याने त्याचा उरलासुरला अंशही गेला. मालक लोक संपाला भितात त्याहून जास्त शेजारच्याच्या संपाला भितात, असं मला वाटतं ते यावरूनच.

हे सगळं वाचताना कोल्हापूरच्या माणसाला 1982 आठवल्याशिवाय राहत नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. पगारवाढ हवी होतीच. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला प्रातिनिधिक संघटना ठरवलं होतं आणि बोलणी करायचा अधिकार त्या एकाच संघटनेकडे होता. कामगार ज्याच्या मागे उभे होते त्याच्याशी बोलायला सरकार आणि मालक दोघेही तयार नव्हते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

तरी तो इतका लांबला कसा? मुंबईतल्या कामगाराला महिनाभर पगार मिळाला नाही तर चूल थंडावते. इथे वर्ष उलटलं तरी लोक टिकून होते. त्याचं उत्तर चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांत आणि सातारा, सांगली, कोकणच्या गावागावांत आहे. कामगार हजारोंनी गावाकडे परतले. घरच्या तुकड्यावर राबले, दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेले. मुंबईत राहिलेल्यांसाठी गावातून ज्वारी, तांदूळ, नाचणीची पोती गेली. लाल निशाण पक्षाच्या आणि इतर डाव्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून धान्य गोळा केलं. ज्या घराला वर्षानुवर्षं मुंबईची मनीऑर्डर येत होती त्या घराने आता उलटी वाट धरली. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांनी तर त्याच्या आधीच्या संपांतही गड्यांना उधारीवर जेवू घातलं होतं. त्याच अनुभवातून 1975 मध्ये प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. स्वीडनच्या मेकॅनिकला युनियनच्या संपनिधीतून पगार भरून मिळतो. आपल्या कामगाराचा संपनिधी म्हणजे बाईची उधारीची वही आणि भावाच्या कणगीतलं धान्य. या त्यागाची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही.

पण त्याच काळाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं की जीव कासावीस होतो. गिरण्या बंद पडल्या म्हणून बाजारातलं कापड आटलं नाही. ते भिवंडीच्या, मालेगावच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. इचलकरंजीचा खडखडाटही थांबला नव्हता. इचलकरंजी आपल्याच जिल्ह्यातली. म्हणजे एका तालुक्यातली ज्वारी संप जगवत होती आणि दुसऱ्या तालुक्यातला माग चालूच होता. मागावर उभा असलेला विणकर संपफोड्या नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवा धागा किती वेळा गेला त्यावर. हजेरी नाही, पगारी रजा नाही, बहुतेकांना युनियनही नाही. मुंबईच्या कामगाराने त्याला कधी आपला मानलं नाही आणि त्यानेही मुंबईच्या कामगाराला मानलं नाही. गावाने आपल्या पोराला अन्न दिलं, धंद्याने आपल्या भावंडाला ओळखलं नाही. माझ्या मते 1982 चा पराभव इथेही झाला. सामंतांच्या हटवादावर आणि इंदिरा गांधींच्या सरकारच्या कठोरपणावर खूप लिहिलं गेलंय, या गोष्टीवर फार कमी.

साखळीतली एक कडी थांबली की काय होतं हे इचलकरंजीला मात्र चांगलं ठाऊक आहे. सूत थेट मागावर चढत नाही. आधी ते सायझिंगला जातं. तिथे ताण्याच्या सुताला खळ लागते, ते वाफेच्या गरम रुळांवर वाळतं, मग बीमवर गुंडाळलं जातं. खळ नसेल तर मागावर धागा पटापट तुटतो. 2015 मध्ये सुधारित किमान वेतनासाठी सायझिंग कामगार संपावर गेले, तेव्हा बीम मिळेनात म्हणून माग उभे राहू लागले. सायझिंगवाले मागवाल्यांपेक्षा संख्येने कितीतरी कमी, पण सगळा धंदा त्यांच्या हातातून जातो. स्वीडनच्या टपालवाल्याचं बळ हेच. फरक इतकाच की इचलकरंजीत सायझिंगचा संप सायझिंगवाल्यांचा राहिला. त्याने मागवाल्याची मजुरी आपल्या मागणीपत्रात घेतली नाही आणि काम बंद पडलेला मागवाला त्याच्यावरच चिडला.

कोल्हापूर एकजुटीला कमी पडतं असं कुणी म्हणू नये. शहरातल्या रस्त्यांसाठी आयआरबी कंपनीने टोल बसवला, तेव्हा हे गाव पेटून उठलं. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे वयाने थकलेले, विचाराने ताठ नेते पुढे होते आणि मागे तालमी, रिक्षावाले, व्यापारी, वकील, गृहिणी. पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून लोक रस्त्यावर आले आणि 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तो विजय बघायला ते राहिले नाहीत. कामगारांची वकिली करत, युनियन बांधत त्यांनी हयात घालवली होती. तरीही टोलला जसं अख्खं शहर उठलं तसं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीतल्या कंत्राटी कामगारासाठी उठलेलं माझ्या आठवणीत नाही. टोल प्रत्येकाच्या खिशातून जात होता. ओतकामाच्या उष्णतेत बारा तास उभ्या असलेल्या बिहारी पोराची मजुरी आपल्या खिशातून जात नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

आता ती दिसणं पूर्वीपेक्षा निकडीचं झालं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. केंद्राच्या जुन्या कायद्यात संपाआधी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. आता कुठल्याही कारखान्यात 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि समेटाची बोलणी चालू असेपर्यंत संप करता येत नाही. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जातो. नोटिशीच्या एवढ्या मुदतीत व्यवस्थापन गेटवर दुसरी माणसं उभी करू शकतं. 1938 मध्ये मुंबई प्रांताच्या औद्योगिक कलह विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात कडाडून विरोध केला होता. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी त्यांची मांडणी होती. 7 नोव्हेंबर 1938 ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांशी भांडणारे, त्या विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात खांद्याला खांदा लावून उतरले. गेटच्या आतल्यांचं बळ कायद्याने कमी केलं की गेटबाहेरच्यांनी ते भरून काढायचं असतं, हे त्यांना उमगलं होतं.

टेस्लाचं उदाहरण दिलं की लोक विचारतात, जिंकले का? 2025 चा ऑक्टोबर उलटला, संपाला दोन वर्षं झाली, तरी कंपनीने सही केली नव्हती. तिने बदली माणसं आणली, वर्कशॉप चालू ठेवली. प्रश्न रास्त आहे. पण एवढ्या धनाढ्य कंपनीसमोर मूठभर मेकॅनिक दोन वर्षं एकटे टिकले असते का, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

आपल्याकडे अशा एकजुटीची सुरुवात कुठून करायची याचा विचार करताना मला ऊस दिसतो. 2023 च्या नोव्हेंबरात ऊसदरासाठी राजू शेट्टींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शिरोली पुलावर महामार्ग रोखला. तोडी थांबल्या, वाहनं अडवली गेली आणि कारखान्यांना नमावं लागलं. शेतकऱ्याची मागणी खरी होती. पण त्या दिवसांत बीडहून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पालांत बसून होत्या. त्यांची मजुरी टनावर. तोड नाही तर दाम नाही, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर. त्याच हंगामात तोडणी मजुरांच्या संघटनाही दरवाढीसाठी झगडत होत्या. जानेवारी 2024 मध्ये त्यांना 34 टक्के वाढ मिळाली. दोन्ही लढे एकाच फडात, एकाच साखर कारखानदारीशी, एकाच हंगामात चालले होते आणि त्यांची एकदाही गाठ पडली नाही. उलट मजुरांनी कोयता खाली ठेवला की आपला शेतकरी ऊस वाळतो म्हणून संतापतो.

जयसिंगपूरच्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेत दरवर्षी ठराव होतात. त्यात एक ठराव यावा. आंदोलनाने तोड बंद राहील तेवढ्या दिवसांची मजुरी कारखान्याने टोळीला द्यावी आणि ती मिळाल्याशिवाय शेतकऱ्यांनी दराचा समझोता मान्य करू नये. उलट बाजूने, मजुरांच्या संघटनांनी ऊसदराची मागणी आपल्या करारात लिहून घ्यावी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. म्हणून हा ठराव मांडायला मुकादम नको, मोळी डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारी बाई व्यासपीठावर हवी, आणि तिच्या शेजारी अनुमोदनाला शिरोळ तालुक्यातला एखादा ऊसवाला.