बी कुणाचं, बोल कुणाला

मृग लागण्याआधी जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक परीक्षा होते. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरानं कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाणं कमअस्सल. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी कृषी खात्याकडे तक्रारींचा ढीग घातला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आधी बी तपासा, मग जमिनीला बोल लावा, हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली ती इथंच.

घरात मात्र हीच माणसं उलटं वागतात. दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की सुनेचे उपास, नवस, सोनोग्राफ्या सुरू. डोहाळजेवणात तिला मागं बसवतात. मुलाची वीर्यतपासणी स्वस्त, सोपी, सुईसुद्धा न टोचणारी. ती सगळ्यात शेवटी, नाहीतर कधीच नाही. वंध्यत्व असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी जोडीनं. बाई म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज, ही आपली जुनी समजूत शेतीवरूनच उचललेली. उचलताना गोणपाट तेवढं शेतात राहिलं.

प्रयोगशाळेत ही समजूत टिकत नाही. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, स्त्रीबीजं सुईनं काढून बशीत ठेवतात, शुक्राणूंशी गाठ तिथंच पडते. 16 ते 18 तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून बघतात, तेव्हा पेशीत दोन गोल केंद्रकं शेजारी-शेजारी दिसतात: एक आईकडचं, एक बापाकडचं. तिसऱ्या दिवशी आठेक पेशी होतात, पाचव्या-सहाव्या दिवशी आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट. हे सगळं 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. ज्याला क्षेत्र म्हणायचं ते गर्भाशय अजून लांबच आहे, आणि तरी आईचा वाटा आधीच पडलेला आहे.

1992 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सीचे पहिले यशस्वी निष्कर्ष मांडले. एकच शुक्राणू बारीक सुईनं थेट स्त्रीबीजात सोडायचा. ज्यांचे शुक्राणू फार कमी, अशा पुरुषांना त्यामुळे बाप होता आलं. मला इथं खटकतं ते वेगळंच. दोष नवऱ्याचा असला तरी आठ-दहा दिवस पोटात इंजेक्शनं बायको घेते, भूलही तीच घेते, आणि गावात सांगतात, ‘हिचा इलाज चालू आहे.’

पैशाचं दुखणं आणखी निराळं. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजलेली हर्षा चावडा 6 ऑगस्ट 1986 ला जन्मली ती मुंबई महापालिकेच्या केईएममध्ये. ते घडवणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा तिथल्या, त्यांच्या जोडीचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार परळच्याच सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी 1978 मध्येच हे साधलं होतं. त्यांची हेटाळणी झाली, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढं त्यांचे कागद तपासून पहिलेपणाचा मान त्यांना जाहीरपणे दिला तो आनंदकुमारांनीच. असा मोठेपणा दुर्मीळ. पण पालिकेच्या रुग्णालयात नावारूपाला आलेलं हे तंत्र आज बहुतेक खासगी दवाखान्यांत गेलंय. एका खेपेला लाखाच्या पुढं खर्च, आणि यशाची हमी नाही. अंबड-घनसावंगीच्या कोरडवाहू घरानं तो कुठून काढायचा? गोवा मेडिकल कॉलेजनं 2023 मध्ये हे उपचार मोफत सुरू केले. गोव्याला जमतं ते महाराष्ट्राला जड का जावं?

तोवर बिनखर्चाचं एक काम करता येईल. सहाय्यक प्रजननाचा 2021 चा कायदा या उपचारांसाठी जोडप्याची लेखी संमती मागतो, उरलेले भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं गोठवून ठेवू देतो. तिथं दोघांच्या सह्या लागतात, तर सरकारी दवाखान्यातला वंध्यत्वाचा पहिला केसपेपरही दोघांच्या नावानं निघावा, आणि नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बायकोची पुढची तपासणी लिहू नये.