शिरस्त्राणावरील चेहरे

बर्फाच्या उतारावरून माणसाने पालथे पडून, डोके पुढे आणि पाय मागे अशा अवस्थेत ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने खाली यावे, ही कल्पनाच आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील वाचकाला चमत्कारिक वाटेल. स्केलेटन हा खेळ नेमका असाच आहे. १९२८ आणि १९४८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळला गेला. पुढे चोपन्न वर्षांच्या खंडानंतर २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे तो परतला आणि तेव्हापासून टिकून आहे. खेळाडू आपली लहानशी घसरगाडी वाकून हाती धरतो, जिवाच्या आकांताने धावतो आणि तिच्यावर झेप घेतो. त्या गाडीला सुकाणू नसते, ब्रेकही नसतो. खांदा किंवा गुडघा किंचित दाबून तो तिला वळणावर सांभाळतो. हनुवटी आणि बर्फ यांत जेमतेम चार बोटांचे अंतर असते. प्रेक्षकाला त्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ते शिरस्त्राण. म्हणूनच या खेळातील मंडळी हौसेने आपल्या शिरस्त्राणावर पशुपक्ष्यांची मुखे रंगवून घेतात. शर्यतीपुरता तोच त्यांचा चेहरा असतो.

फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलान-कोर्तिना येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये युक्रेनचा व्लादिस्लाव्ह हेरास्केविच जे शिरस्त्राण घालून आला, त्यावर पशू नव्हता. युद्धात मृत्यू पावलेल्या वीसहून अधिक युक्रेनी खेळाडूंचे चेहरे त्यावर छापलेले होते. कोणी बर्फावर नृत्य करणारा, कोणी मुष्टियोद्धा. त्यात अलिना पेरेहुदोवा ही भारोत्तोलन करणारी चौदा वर्षांची मुलगीही होती; मारियुपोल शहरावरील हल्ल्यात ती गेली. त्या शिरस्त्राणावर घोषणा नव्हती, शत्रूचे नाव नव्हते. सरावाच्या फेऱ्या त्याने ते घालूनच केल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मात्र शर्यतीत ते वापरण्यास मनाई केली आणि त्याऐवजी दंडावर काळी फीत बांधण्याची मुभा दिली. त्याने ती नाकारली. १२ फेब्रुवारीच्या सकाळी समितीच्या अध्यक्षा कर्स्टी कॉव्हेंट्री स्वतः शर्यतीच्या जागी येऊन त्याला भेटल्या. तो बधला नाही आणि शर्यत सुरू होण्यापूर्वी त्याला बाद ठरवण्यात आले. पत्रकारांशी बोलताना कॉव्हेंट्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. दुसऱ्या दिवशी क्रीडा लवादानेही त्याचे अपील फेटाळले.

या प्रकरणात समितीला हृदयशून्य ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. तो सोपेपणा मला मान्य नाही. ऑलिंपिक सनदेचा ५० वा नियम स्पर्धास्थळी राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचाराला मज्जाव करतो. त्यामागे केवळ सोय नाही. जगात एकाच वेळी अनेक युद्धे चालू असतात. एकाला आपल्या मृतांचे स्मरण तेथे करू दिले तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाकारावयाचे? शिवाय ज्या देशांत राजसत्ता खेळाडूला आपली मालमत्ता समजते, तेथे उद्या सत्ताधीशच त्याच्या मस्तकावर आपल्याला हवी ती चित्रे चिकटवतील, आणि त्या बिचाऱ्याला 'नको' म्हणण्याची सोय राहणार नाही. नियम आहे म्हणूनच तो नकार देऊ शकतो. समितीच्या बाजूने केलेल्या सर्व युक्तिवादांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो. (हेरास्केविचला पुढे त्याच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक देऊन गौरविले. त्याचा हेतू निर्मळ असला तरी राज्यसंस्था अशा क्षणाची वाटच पाहत असतात, हे विसरून चालणार नाही.)

इतके मान्य करूनही ती काळी फीत माझ्या मनाला पटत नाही. काळ्या फितीला चेहरा नसतो. ती सांगते की कोणीतरी गेले आहे. कोण गेले, ते ती सांगत नाही. समितीचे म्हणणे होते की, शोकाला आमची ना नाही, प्रश्न केवळ जागेचा आहे. शर्यत संपल्यावर, पत्रकारांसमोर, त्याने ते शिरस्त्राण खुशाल दाखवावे. प्रश्न खरोखर जागेचाच आहे का? याच स्पर्धेत मॅक्सिम नाउमोव्ह या अमेरिकन स्केटिंगपटूने आपल्या गुणांची वाट पाहत असताना आईवडिलांसोबतचे छायाचित्र हाती धरले होते. ते दोघे जानेवारी २०२५ मधील विमान अपघातात दगावले होते. साऱ्या जगाने ते दृश्य पाहिले आणि ते योग्यच होते. नाउमोव्हचे सादरीकरण तेव्हा संपलेले होते, हा फरक खरा. पण मला वाटते, मूळ फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. त्या छायाचित्राकडे पाहून 'यांना कोणी मारले?' असा प्रश्न मनात उठत नाही. चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा पाहिला की तो उठल्याशिवाय राहत नाही. चित्र कोणावरही आरोप करीत नाही, आरोप पाहणाऱ्याच्या प्रश्नात असतो. म्हणजे जो दैवाने गेला त्याचा चेहरा निरुपद्रवी, आणि ज्याला माणसाने मारले त्याचा चेहरा राजकीय! हत्या होणे हाच जणू मृताचा दोष ठरतो. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात असे काही नसणार, हे मी जाणतो. परिणाम मात्र तोच होतो.

याच हेरास्केविचने ११ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये आपली फेरी संपवून 'युक्रेनमध्ये युद्ध नको' असे लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला होता. शांततेचे ते सर्वसाधारण आवाहन आहे, असे म्हणून समितीने तेव्हा दुर्लक्ष केले. तेरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, आक्रमण झाले. जे शब्दांत बोलले गेले ते चालले. त्या शब्दांची उपेक्षा झाल्यावर जे चेहरे उरले, ते चालले नाहीत.

याच खेळातील एक जुनी गोष्ट येथे आठवते. २००२ साली सॉल्ट लेक सिटीला स्केलेटनचे सुवर्णपदक अमेरिकेच्या जिम शेय याने सेकंदाच्या अवघ्या पाच शतांश भागाने जिंकले. त्याचे आजोबा जॅक शेय १९३२ च्या ऑलिंपिकमधील दोन सुवर्णपदकांचे मानकरी होते. नातवाच्या शर्यतीपूर्वी काही आठवडेच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. जिमने आजोबांचे छायाचित्र शिरस्त्राणाच्या आत ठेवले होते. जिंकल्यावर त्याने ते बाहेर काढून सर्वांना दाखवले. कोणी हरकत घेतली नाही, घेण्याचे कारणही नव्हते. पण हेच जॅक शेय १९३६ साली जर्मनीतील हिवाळी ऑलिंपिकला गेले नव्हते. ज्यूंचा छळ करणाऱ्या राजवटीच्या अंगणात, आपल्या गावच्या ज्यू बांधवांच्या भावना डावलून, खेळावयास जाणे त्यांना मान्य नव्हते. त्या छायाचित्रातील वृद्धाने अशी भूमिका एकदा घेतली होती.

एक प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्रमण करणाऱ्या देशाचा खेळाडू उद्या आपल्या मृत मित्राचा चेहरा घेऊन आला तर? त्या मित्रालाही आई असेल. हेरास्केविचच्या शिरस्त्राणावरील काहीजणही सैनिक म्हणूनच लढताना पडले होते. मी त्या परक्या चेहऱ्याकडे पाठ फिरवणार नाही. पण जो शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरला तो, आणि जो आपल्या घरात मारला गेला तो, हे दोघे एकाच मापाने मोजावेत हे मला पटत नाही. हे मोजमाप कोणीतरी केलेच पाहिजे. ते करावयाचे नाही म्हणूनच तर समितीने नियमाचा आश्रय घेतला. खेळ भरविणाऱ्या संस्थेवर न्यायाधीशाचे ओझे टाकावे का, याचे निर्विवाद उत्तर मजजवळ नाही. ते ओझे न उचलण्याची किंमत मृतांनी द्यावी, एवढे मात्र मला योग्य वाटत नाही.

फीत बांधून तो शर्यतीत उतरला असता तर मृतांची सेवा अधिक घडली असती, असे काहीजण म्हणतील. त्याने हट्ट केला, असेही म्हणतील. पण सरावात ज्यांना मस्तकावर घेऊन तो त्या उतारावरून खाली आला, त्यांना खऱ्या शर्यतीच्या क्षणी खाली ठेवावयाचे म्हणजे त्यांना 'तुम्ही सरावापुरते होता' असे सांगण्यासारखेच झाले असते. चार वर्षांची मेहनत त्याने त्या एका वाक्याऐवजी दिली. कोर्तिनाची शर्यत त्याच्याविना पार पडली. निकालपत्रकात त्याच्या नावापुढे वेळेची नोंद नाही.