वादळाची वाट आणि आपल्या माणसांचा घोर

वादळात सापडलेल्याला भीती वाटते. त्याची वाट पाहणाऱ्या, दूर बसलेल्या आप्ताला घोर लागतो, आणि धर्मविचाराला जास्त अडचणीत आणतो तो हा घोर. रावेर तालुक्यातल्या सावद्यात दोन्ही अनुभव ओळखीचे आहेत. तिथले घरचे वादळ फारशी सवड देत नाही. मे अखेरीस किंवा जूनच्या तोंडावर दुपार कलताना आभाळ काळवंडते, वारा सुटतो आणि बघता बघता घड लागलेली केळीची बाग आडवी होते. बांधावर शेवरी लावायची, झाडांना आधार द्यायचा, हे आधीच करून ठेवावे लागते. नंतर पंचनामा आणि पीकविमा. समुद्रावरचे चक्रीवादळ मात्र नाव घेऊन येते. त्याचा मार्ग काही दिवस आधीपासून नकाशावर दिसू लागतो. सावदा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असले, तरी मुलगा मुंबईत नोकरीला किंवा लेक फ्लोरिडात दिली असेल, तर त्या घराचा जीव टांगणीला लागतोच.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. टाळेबंदीचे दिवस असल्यामुळे कोणाला कोणाकडे धावून जाण्याचीही सोय नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ मुंबईच्या समुद्रातून गुजरातकडे गेले. त्याच्या तडाख्यात तेलक्षेत्रातल्या कामगारांना घेऊन उभा असलेला पी-३०५ हा तराफा १७ मे रोजी बुडाला. तराफ्यावर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, तरी कितीतरी घरांना आपला माणूस कोणत्या यादीत आहे हे कळायला दिवसचे दिवस थांबावे लागले.

अशा थांबण्यात श्रद्धाळू माणसाला एक जुना प्रश्न टोचतो. सगळे देवाच्या हाती आहे असे मानायचे आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, हे एकमेकांत बसते का? काळजी करणे म्हणजे भरवसा कमी पडणे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गीतेचा आधारही ते देतात: कृष्णाचा उपदेश सुरूच होतो तो शहाणी माणसे शोक करत नाहीत या विधानाने. तेराव्या अध्यायात मुले, बायको, घर यांत न गुंतणे हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे, आणि त्यावर ज्ञानदेव बिऱ्हाडी उतरलेल्या वाटसरूचा दाखला देतात.

पण हा आधार इथे पुरता लागू पडत नाही. अर्जुनाचा शोक त्याच्या हातातल्या कामाच्या आड येत होता. त्याला उतारा म्हणून कर्म सांगता आले. सावद्यात फोनजवळ बसलेल्या आईपुढे कर्मच उरलेले नसते. शिवाय बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे देताना गीता त्याला एकाच श्लोकात करुणामय आणि ममत्वरहित म्हणते. म्हणजे ओढा तुटावा अशी अपेक्षा नाही. ‘माझे’पणाची मालकी सुटावी, एवढीच आहे. टीकाकार पहिल्या शब्दावरून घाईने दुसऱ्याकडे जातात, हा त्यांचा दोष.

वारकरी परंपरेने तर शोकाला लाज मानलेलीच नाही. सावद्याहून जवळच, मुक्ताईनगरच्या परिसरात तापीकाठी, मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली असे परंपरा सांगते. साल १२९७. ज्ञानदेव आणि सोपान आधीच गेले होते; थोरला निवृत्ती तेवढा मागे राहिला. तो गुरू होता, नाथपंथाची दीक्षा घेतलेला होता. तरीही नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत भावंडांच्या जाण्याने तो कासावीस झालेला दिसतो. त्याच्या ज्ञानात काही उणे होते असे वारकऱ्यांनी कधी म्हटले नाही. मुक्ताबाईचे ताटीचे अभंगही याच घरातले: रुसून दार लावून बसलेल्या भावासाठी बहीण बाहेर उभी आहे, आणि तिच्या काळजीतूनच उपदेश निघतो.

घरोघरीचा उपाय याहून रोखठोक असतो. माणसाची खुशाली कळेपर्यंत देव पाण्यात ठेवतात. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण किंवा अन्नपूर्णा पितळी भांड्यात ठेवून वर पाणी ओतायचे. निरोप आला की मूर्ती बाहेर काढून पुसायची, नैवेद्य दाखवायचा. शास्त्राच्या दृष्टीने ही देवाची अडवणूक आहे, आणि सुधारकांनी तिची थट्टा केली तर ती अगदीच अन्यायाची नाही. तरी ज्याच्यावर रुसता येते, ज्याला त्रास देता येतो, त्याच्याशी नाते घरच्यासारखे असते. भरवसा संपलेला माणूस हा खटाटोप करणार नाही. रिकाम्या हातांना तेवढे एक कामही मिळते.

खरी अडचण प्रार्थनेच्या आशयात आहे. वादळ विरत नसेल तर वळते. ‘निसर्ग’च्या वेळी मुंबई बऱ्याच अंशी वाचली, तेव्हा शहरात माणसे असलेल्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या मोडून पडल्या होत्या, आणि कित्येक गावांना पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. आपल्यावरचे टळू दे, या मागणीत ते दुसऱ्यावर जाऊ दे हे न उच्चारलेले असते. मागणाऱ्याच्या मनात ते नसते. वाऱ्याच्या हिशेबात असते. गीता ज्याला ममत्व म्हणते ते इथे नेमके पकडता येते: मुलासाठी कळवळणे म्हणजे ममत्व नव्हे, मुलगा सुखरूप कळताच बातम्या बंद करणे म्हणजे ममत्व. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी मागितलेल्या पसायदानात त्यांच्या भावंडांपैकी एकाचेही नाव नाही. मागणे सगळ्या प्राणिमात्रांसाठी आहे, त्यात भावंडे येतातच.

काळजीची एक बाजू व्यवहाराचीही आहे. वादळात अडकलेल्याच्या फोनची बॅटरी मोलाची असते. दर दहा मिनिटांनी ‘कसा आहेस’ विचारणारा आपली तगमग त्याच्या माथी मारतो. स्टोइक विचारवंत एपिक्टेटसने आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे यांची वाटणी करायला सांगितले, ती इथे उपयोगी पडते. पाणी भरून ठेव, कागदपत्रे पिशवीत घाल, निवाऱ्यात जायला सांगितले तर वाद घालू नकोस, हे एकदा नीट सांगणे हातातले आहे. संपर्क तुटल्यावरचे तास हाताबाहेरचे. त्या तासांत नाम घ्यावे असे संत सांगतात. नाम घेतले म्हणजे माणूस परत येईलच, अशी हमी मात्र त्यांच्यापैकी कोणी दिलेली नाही.