रुग्णाची इच्छा

आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे दयेचे कृत्य आहे, याविषयी आपणांत मतभेद नाही. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याला आधी विचारावे लागते काय? की हेतू चांगला असला म्हणजे विचारण्याची गरज उरत नाही?

1995 साली दिल्लीतील एक अविवाहित प्रौढ स्त्री दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली व तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकण्यात आले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रुग्ण सज्ञान होती, तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती ही तिची संमती नव्हे. विशेष हे की, डॉक्टरांनी सद्हेतूने व रुग्णाच्या हितासाठीच शस्त्रक्रिया केली, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही त्या दोषी ठरल्या. सद्हेतू पुरेसा नाही!

आपल्या घरांतून काय घडते ते आठवून पाहा. वडिलांचा आजार मुलाला सांगितला जातो, पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर पती सही करतो. यात प्रेम नसते असे मी म्हणत नाही. एखादा वृद्ध स्वतःच म्हणेल, “माझ्या मुलाला सांगा, तो ठरवील.” तीही त्याचीच इच्छा होय. पण ती त्याला विचारल्यावर कळते, आधी गृहीत धरून नव्हे.

आमच्या बेंगळुरूच्या रुग्णालयांत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी बसलेले असतात. संमतीपत्र मात्र बहुधा इंग्रजीत असते. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्यामुळे कदाचित मला हे अधिक टोचत असेल. वाचणाऱ्याला जे कळले नाही ते भाषांतर नव्हे. तसेच न कळलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळावी, असे म्हटले आहे. कर्नाटकात 2017 साली खासगी रुग्णालयांच्या कायद्यात दुरुस्ती होत असता डॉक्टरांनी बेळगावात मोठी निदर्शने केली. तुरुंगाच्या भीतीखाली कोणी निर्भयपणे शस्त्रक्रिया करू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तरी रुग्णांची सनद कायद्यात आली, हे योग्यच झाले.

ज्या रुग्णालयांत अल्प मोबदल्यात वा फुकट सेवा होते, तेथे हा प्रश्न अधिक नाजूक असतो. पैसे देणारा जाब विचारतो. उपकाराखाली असलेला गप्प राहतो. त्याच्या मौनाला आपण कृतज्ञता समजतो.

बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या रुग्णाला प्रभूने बरे होण्याची इच्छा आहे काय, असे विचारले. आंधळ्या बार्तिमयालाही त्याची इच्छा विचारली. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच आहे: इच्छा करणे. आंधळ्याला काय हवे ते का कोणाला दिसत नव्हते? आणि तळ्याकाठच्या माणसाने तर सरळ उत्तरही दिले नाही. आपल्याला पाण्यात सोडणारा कोणी नाही, हे गाऱ्हाणे त्याने सांगितले, आणि प्रभूने ते ऐकून घेतले.